भार कोणावर, फेरा कोणाचा : मागच्या आखाची प्रस्तावना

धाराशिव जिल्ह्यातल्या तेरचे जुने नाव तगर. इसवी सनाच्या पहिल्या शतकात ग्रीक भाषेत लिहिणाऱ्या एका अनाम व्यापाऱ्याने आपल्या किनाऱ्यावरच्या बंदरांची आणि त्यांना माल पुरवणाऱ्या बाजारपेठांची टिपणे करून ठेवली. ‘पेरिप्लस’ या नावाने ती ओळखली जातात. तगरचे कापड, साधे आणि मलमलीचेही, गाड्यांवर लादून भल्यामोठ्या बिनवाटेच्या मुलखातून भडोच बंदराला जाते, अशी नोंद त्यात आहे. इतिहासाची पुस्तके ही नोंद तेरचे वैभव सांगायला वापरतात, आणि ते योग्यच. मला मात्र ती वाचताना दर वेळी कापडापेक्षा गाड्या दिसतात. लादलेली गाडी वाट नसलेल्या रानातून भडोचपर्यंत न्यायची, तर वाटेत आख मोडून चालणार नाही.

आज त्याच तेरणेच्या खोऱ्यात गळीत हंगामात तासभर रस्त्याकडेला उभे राहा. दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर जाईल, उसाने लादलेला दहा चाकी ट्रक जाईल, एसटी जाईल, टमटम आणि छोटा हत्ती जाईल, तुळजापूरला निघालेली क्रूझर जाईल, मुलांनी भरलेली ईको जाईल. मधूनच टायरची बैलगाडीही दिसेल. या सगळ्यांना मागे आख आहे, पण एकाचा दुसऱ्यासारखा नाही. हे पुस्तक त्या फरकांविषयी आहे.

मागच्या आखावर मराठीत सोपे लिखाण फारसे मिळत नाही. अभ्यासक्रमाच्या पुस्तकांतली आकृती कुठल्या तरी परदेशी गाडीची असते आणि ती पाठ करून मुले परीक्षा देतात. गॅरेजमध्ये पोरगा सहा महिन्यांत डिफ उतरवायला शिकतो, पण क्राऊनशेजारच्या चार छोट्या चकऱ्या तिथे का आहेत, हे त्याला कोणी सांगत नाही. या दोघांच्या मधली जागा भरावी म्हणून हा खटाटोप.

सुरुवातीलाच एक प्रश्न हातात देतो. पुढची सगळी प्रकरणे त्यावरच उभी आहेत. कोणतेही वाहन समोर आले की विचारायचे : इथे भार कोण पेलतो आणि फिरतो कोण? ही दोन्ही कामे एकाच तुकड्यावर टाकली आहेत, की दोन वेगळ्या तुकड्यांना वाटून दिली आहेत? एवढे कळले की ती गाडी कशासाठी बनवली, कुठे मोडेल आणि मोडली तर रस्त्यात दुरुस्त होईल की ओढून न्यावी लागेल, याचा बराचसा अंदाज येतो.

बैलगाडीपासून सुरू करू, कारण तिचे उत्तर सर्वांत स्वच्छ आहे. तिचा आख फिरत नाही. तो साटीखाली घट्ट बसवलेला असतो आणि फक्त भार पेलतो. त्याच्या दोन्ही टोकांवर चाके आपापली फिरतात, ती निसटू नयेत म्हणून बाहेरून खीळ असते. तुंबा आणि आख एकमेकांवर घासतात, म्हणून साटीला वंगणाचे नळकांडे टांगलेले असे. चाके एकमेकांना बांधलेली नसल्यामुळे गाडी वळताना काहीच अडचण येत नाही. आतले चाक हळू फिरते, बाहेरचे जोरात, आणि आखाला त्याचा पत्ताही लागत नाही. टायरगाडी आली तेव्हा लाकडी तुंब्याच्या जागी बेअरिंगचा हब आला, पण मूळ रचना तीच राहिली. आज ट्रॅक्टरमागच्या ट्रॉलीखाली जो चौकोनी लोखंडी दांडा असतो, तो याच बैलगाडीच्या आखाचा वंशज आहे. त्याला इंजिनाकडून काही येत नाही. तो नुसता पेलतो.

याच्या बरोबर उलटे टोक या जिल्ह्याने शंभर वर्षे पाहिले. बार्शी लाइट रेल्वेचा कुर्डुवाडी ते बार्शी हा पहिला टप्पा 1897 मध्ये सुरू झाला आणि 1911 मध्ये ती लातूरला पोचली. त्या वेळी लातूर निजामाच्या राज्यातल्या याच जिल्ह्यात होते. वेगळा जिल्हा व्हायला 1982 साल उजाडले. अडीच फूट रुंदीची ही गाडी येडशी, तडवळे करत जात असे. रेल्वेच्या चाकाची गोष्ट अशी की दोन्ही चाके आखावर दाबून पक्की बसवलेली असतात. आख भारही पेलतो आणि स्वतः फिरतोही. चाके एकमेकांना बांधलेली, म्हणजे वळणावर दोघांनाही सारखेच फेरे घ्यावे लागणार, आणि बाहेरचा रूळ तर आतल्यापेक्षा लांब. मग गाडी वळते कशी? चाकाचा घेर सपाट नसतो. तो आतून बाहेर निमुळता होत जातो, वीस मिलिमीटरला एक मिलिमीटर असा. वळणावर जोडी बाहेरच्या बाजूला किंचित सरकते. बाहेरचे चाक आपल्या जाड भागावर चालू लागते, आतले बारीक भागावर. फेरे तेवढेच, पण बाहेरच्या चाकाचे अंतर जास्त कापले जाते. वळण फारच आवळ असले की हा उपाय पुरत नाही, कडा रुळाला घासते आणि ओळखीची किंकाळी ऐकू येते.

या रेल्वेचा कर्ता एव्हरार्ड कॅलथ्रॉप हा इंजिनिअर आखाचा विचार करणारा माणूस होता, म्हणून त्याला इथे जागा. हलक्या, स्वस्त रुळांवर रेल्वे चालवायची, तर रुळाला गाडीच्या एकूण वजनाशी कर्तव्य नसते. एका वेळी एका आखाखाली किती वजन येते एवढेच त्याला कळते, हे त्याने धरून ठेवले. डबा असो, वाघीण असो की इंजिन, एका आखावर पाच टनांपेक्षा जास्त भार नाही, असा नियम त्याने सगळ्या गाडीला लावला. त्यासाठी लीड्सच्या किटसन कंपनीकडून आलेल्या इंजिनाचे वजन जोडलेल्या आठ चाकांवर पसरवले. त्यामुळे एका यार्डाला तीस पौंड, म्हणजे मीटरला साधारण पंधरा किलोचे रूळ पुरले. जाड रूळ लागले असते, तर ही रेल्वे झाली असती की नाही, याची मला शंका आहे. 2007-08 मध्ये मार्ग रुंद झाला, वळवून धाराशिव शहरालाही जोडला गेला, आणि आता त्यावरून आखाला वीस टनांहून अधिक भार देणाऱ्या मालगाड्या जातात. रुळाला एका आखाखालचे वजनच कळते, हा नियम मात्र बदललेला नाही. डांबरी रस्त्यालाही तोच लागू आहे. त्याकडे पुढे येतोच.

आता मोटारीकडे. इथे आखाला बैलगाडीसारखे नुसते पेलून भागत नाही आणि रेल्वेसारखी दोन्ही चाके एकत्र बांधूनही चालत नाही. रस्त्यावरचे टायर निमुळते नसतात आणि वळणे रेल्वेपेक्षा कितीतरी आवळ असतात. तुळजापूरच्या घाटात समजा ट्रकने पूर्ण अर्धा वेढा घेतला. मागच्या दोन बाजूंच्या चाकांमध्ये मधोमध मोजून 1.8 मीटर अंतर धरले, तर बाहेरच्या चाकाला आतल्यापेक्षा साडेपाच मीटर जास्त चालावे लागते. गंमत अशी की वळण मोठे असो की लहान, हा फरक तेवढाच राहतो. दोन्ही चाके एकाच दांड्यावर पक्की असती, तर ही साडेपाच मीटरची तूट कोणत्या तरी टायरने घासून भरून काढली असती, नाही तर दांडा पिळवटला असता.

ही तूट भागवणारे यंत्र फ्रान्समधल्या ओनेसिफोर पेकर या घड्याळजीने 1827 मध्ये वाफेच्या गाडीसाठी पेटंट केले. आपण त्याला डिफरन्शियल किंवा नुसते डिफ म्हणतो. इंजिनाचा फेरा प्रोपेलर शाफ्टवरून टेल पिनियनला येतो, पिनियन क्राऊनला फिरवते. क्राऊन मात्र थेट चाकांना जोडलेला नसतो. त्याला एक पेटी बसवलेली असते, पेटीत स्पायडरवर छोट्या चकऱ्या असतात आणि त्या चकऱ्यांचे दाते डाव्या-उजव्या दोन्ही अ‍ॅक्सल शाफ्टच्या गिअरमध्ये अडकलेले असतात. सरळ रस्त्यावर या चकऱ्या स्वतःभोवती अजिबात फिरत नाहीत. पेटीबरोबर नुसत्या वाहून नेल्या जातात. वळण आले की त्या स्वतःभोवती फिरू लागतात, आणि आतल्या चाकाचा जेवढा वेग कमी होतो तेवढाच बाहेरच्याचा वाढतो.

नांगराचे जू डोळ्यांसमोर आणा. ते हाळसाला मधोमध बांधलेले असते. बांधाजवळ वळताना आतला बैल जवळजवळ जागेवर पाय बदलतो, बाहेरचा लांब चालतो, जू तिरके होते आणि नांगर तरी पुढे जात राहतो. दोघे बैल सारखाच जोर लावतात, चालतात कमी-जास्त. डिफ हेच करतो : दोन्ही चाकांना जोर सारखा, फेरे हवे तसे. पण याच जुवाचा एक बैल खाली बसला तर? दुसऱ्याने कितीही ताणले तरी जू मधल्या बांधणीभोवती फिरते आणि नांगर तसूभर हलत नाही. काळ्या रानात पहिल्या पावसानंतर ट्रॅक्टरचे एक चाक गाळात गरगर फिरते आणि घट्ट जमिनीवरचे दुसरे चाक ढिम्म उभे राहते, त्याचे कारण हेच. घसरणाऱ्या चाकाला जोर लागतच नाही, म्हणून दुसऱ्यालाही तेवढाच, म्हणजे जवळजवळ शून्य, जोर मिळतो. ड्रायव्हर रेस वाढवतो आणि खड्डा खोल होत जातो. एवढे नीट समजले तरी पुस्तकाची किंमत वसूल झाली असे मी समजेन, कारण माझ्या पाहण्यात गाळात फसलेल्या दहा ड्रायव्हरांपैकी आठ जण रेसच वाढवतात.

डिफ एवढेच करत नाही. तो फेरा काटकोनात वळवतो आणि कमीही करतो. क्राऊनला 41 दाते, पिनियनला 6, अशी जोडी टाटाच्या ट्रकांत वर्षानुवर्षे चालत आली. 41 आणि 7 अशीही मिळते. एका दाताने काय होते ते पाहा. इंजिन मिनिटाला 2000 फेरे घेते आहे, गिअर सरळ आहे, टायरचा घेर साधारण 3.3 मीटर आहे. सहा दात्यांच्या पिनियनने गाडी ताशी 58 किलोमीटरने जाईल, सात दात्यांच्या पिनियनने 68 ने. पहिली घाटात ओढेल, दुसरी उमरग्यावरून हैदराबादकडे जाणाऱ्या सपाट महामार्गावर डिझेल वाचवेल. जुनी गाडी घेताना लोक टायर आणि पेपर पाहतात. हौसिंगवरच्या पट्टीवर जोडी कोणती आहे, हे विचारणारा गिऱ्हाईक विरळा.

क्राऊन-पिनियनच्या दात्यांचाही एक इतिहास आहे. सुरुवातीला पिनियन क्राऊनच्या बरोबर मध्यरेषेवर असे. 1926 मध्ये अमेरिकेतल्या पॅकार्ड मोटारीत ती मध्यरेषेच्या खाली उतरवली गेली. त्यामुळे प्रोपेलर शाफ्ट खाली गेला, गाडीचा तळ बसका करता आला आणि दाते जास्त लांब एकमेकांत गुंतल्याने आवाज कमी झाला. पण अशा दात्यांत नुसते लोटणे नसते, जबरदस्त घासणेही असते. साधे तेल तिथे टिकत नाही, दाब सोसणारेच गिअर ऑइल लागते. ‘तेल ते तेल’ म्हणून इंजिनाचे उरलेले ऑइल हौसिंगमध्ये ओतणारे मी पाहिले आहेत. क्राऊनची किंमत ऐकल्यावर तेच लोक कंपनीला शिव्या देतात.

आता पुन्हा मूळ प्रश्नाकडे येऊ : भार कोणावर? हौसिंगच्या आत फिरणारा अ‍ॅक्सल शाफ्ट चाकापर्यंत जातो. हलक्या गाड्यांत बहुधा चाक थेट शाफ्टच्या टोकाला बोल्टाने आवळलेले असते आणि बेअरिंग शाफ्ट व हौसिंगच्या मध्ये असते. म्हणजे शाफ्ट फिरवतोही आणि गाडीचे वजनही पेलतो. याला अर्धतरंगी म्हणू. रचना हलकी आणि स्वस्त आहे, आणि कारसाठी पुरेशी आहे. पण शाफ्ट बेअरिंगच्या बाहेर मोडला, तर चाक शाफ्टच्या तुकड्यासकट निघून पुढे पळते. ट्रकमध्ये आणि एसटीमध्ये तसे नसते. तिथे हब दोन बेअरिंगांवर थेट हौसिंगच्या नळीवर बसतो. वजन हौसिंग पेलते, शाफ्ट नुसता फिरवतो. हे पूर्णतरंगी. ट्रकच्या मागच्या चाकाच्या मधोमध बोल्टांचे एक गोल कडे बाहेर आलेले दिसते, ते याच शाफ्टचे डोके. ते बोल्ट काढले की गाडी चाकांवर उभी असतानाच शाफ्ट हाताने ओढून बाहेर येतो. शाफ्ट तुटला तरी चाक जागेवर राहते. येडशीच्या घाटात रात्री ट्रकचा शाफ्ट तुटला तर क्लीनर एसटीने जाऊन नवीन शाफ्ट आणतो आणि सकाळी गाडी मार्गाला लागते. असे कारच्या बाबतीत कधी ऐकलेत?

ट्रॅक्टरवर या पुस्तकातले सर्वांत मोठे प्रकरण आहे. या जिल्ह्यात तेच न्याय्य आहे. ट्रॅक्टरला चासीच नसते. इंजिन, क्लच, गिअरबॉक्स आणि मागचा आख यांची कवचे एकमेकांना बोल्टाने जोडली की तोच ट्रॅक्टरचा सांगाडा होतो. मागचा आख इथे कण्याचाच एक भाग आहे. हायड्रॉलिक त्याच्यावर, पीटीओ त्याच्यातून, ड्रायव्हरची सीट त्याच्या डोक्यावर. पाटे नाहीत, त्यामुळे शेताचे प्रत्येक ढेकूळ ड्रायव्हरच्या मणक्याला कळते.

नांगरताना ट्रॅक्टर ताशी पाचेक किलोमीटरने चालतो. एवढ्या मोठ्या चाकाला त्या वेगात मिनिटाला वीस-एकवीस फेरे होतात, आणि इंजिन त्याच वेळी दोन हजार फेरे घेत असते. म्हणजे वेग शंभरपटीच्या आसपास कमी करायचा आणि जोर जवळजवळ तेवढ्याच पटीने वाढवायचा. हे सगळे क्राऊनपर्यंतच उरकले, तर क्राऊन, चकऱ्या आणि शाफ्ट इतके जाड करावे लागतील की ट्रॅक्टर परवडणार नाही. म्हणून शेवटची घट डिफच्या पलीकडे, दोन्ही बाजूंना ठेवलेली असते. कुठे लहान गिअरने फिरणारा मोठा बुल गिअर असतो, तर कुठे एका मध्य गिअरभोवती फिरणाऱ्या तीन चकऱ्यांचा संच. मोठा जोर चाकाच्या अगदी दारात तयार होतो आणि मधल्या भागांना तो सोसावा लागत नाही. खाणीतल्या आणि मुरूम वाहणाऱ्या बड्या टिपरांच्या हबमध्येही हीच युक्ती आढळते.

गाळात फसण्याचा उपाय म्हणून ट्रॅक्टरला डिफ लॉक असतो. टाचेजवळचे पेडल दाबले की डिफच्या दोन बाजू एकमेकांना बांधल्या जातात आणि दोन्ही चाके रेल्वेसारखी एकत्र फिरू लागतात. चाके थांबवून तो दाबायचा, सरळ बाहेर यायचे, आणि वळण्याआधी सोडायचा. लॉक लावून वळले की मघाच्या हिशेबातली तूट शाफ्ट आणि दात्यांना भरावी लागते. लॉक काम करत नसेल, तर जाणता ड्रायव्हर दुसरे करतो. ट्रॅक्टरला डाव्या आणि उजव्या चाकाचे ब्रेक वेगळे असतात. गरगरणाऱ्या चाकाचा ब्रेक तो हळूच दाबतो. त्या चाकाला आता विरोध मिळतो, म्हणून डिफ दुसऱ्या चाकालाही जोर देऊ लागतो आणि ट्रॅक्टर निघतो. हल्लीच्या महागड्या जीपांमध्ये ब्रेकचा संगणक नेमके हेच करतो आणि कंपन्या त्याची पानभर जाहिरात करतात. कळंबच्या काळ्या रानात हे पायाने करणारे ड्रायव्हर संगणकाच्या कितीतरी आधीपासून आहेत.

याच प्रकरणात एक धोका विस्ताराने लिहिला आहे. मागची चाके गाळात घट्ट रुतली असताना क्लच झटक्यात सोडला, तर पिनियन थांबलेल्या क्राऊनवर चढू पाहते. चाक फिरत नाही, मग आखाभोवती ट्रॅक्टरच फिरतो. पुढची चाके वर उचलली जातात आणि क्षणात ट्रॅक्टर मागे उलटतो. ओढण्याची साखळी आखाच्या वर बांधली असेल, तर हे आणखी सहज घडते. साखळी नेहमी आखाच्या खाली, ड्रॉबारलाच बांधायची. उसाच्या जड ट्रॉल्यांना चढावर झटका देऊन पुढची चाके उचलण्याचे व्हिडिओ लोक हौसेने पाहतात. मला त्यात कौशल्य दिसत नाही. मागच्या आखाने दिलेला इशारा दिसतो.

ट्रकांचे प्रकरण कॅलथ्रॉपच्या पाच टनांपाशी परत जाते. जुलै 2018 मध्ये केंद्र सरकारने आखावरच्या भाराची मर्यादा वाढवली. चार टायरांच्या एकट्या आखाला पूर्वी 10.2 टन परवानगी होती, ती 11.5 झाली, जोडीने बसवलेल्या दोन आखांना 19 चे 21 टन झाले, पुढच्या दोन टायरांच्या आखाला 6 चे 7. ‘गाडी अठरा टनी’ असे आपण बोलतो, पण रस्त्याला तो आकडा माहीत नसतो. अमेरिकेत 1950 च्या दशकाच्या अखेरीस मुद्दाम रस्ते बांधून, त्यावर भरलेले ट्रक दोन वर्षे फिरवून एक मोठा प्रयोग झाला. त्यातून निघालेला ठोकताळा असा की रस्त्याची झीज आखावरच्या भाराच्या साधारण चौथ्या घाताने वाढते. साडेअकराऐवजी पंधरा टन लादले, तर भार तीस टक्क्यांनी वाढतो आणि झीज जवळपास तिपटीने. हंगाम संपल्यावर कारखान्यांकडे जाणारे रस्ते पाहिले की या ठोकताळ्याला वेगळा पुरावा लागत नाही.

दहा चाकी ट्रकाच्या मागच्या दोन आखांपैकी कधी एकच फिरवतो आणि दुसरा नुसता पेलतो, तर कधी दोन्ही फिरवतात. दोन्ही फिरवत असतील तर त्या दोन आखांच्या मध्येही एक डिफ लागतो, कारण पुढच्या आणि मागच्या आखाचीही चाल वळणावर सारखी नसते. काही गाड्यांत एक आख वर उचलता येतो, रिकामी गाडी जाताना टायर वाचावेत म्हणून. भरल्या गाडीतही तो उचलून ठेवणारे आहेत. उरलेल्या आखाचे, रस्त्याचे आणि मागच्या मोटारसायकलवाल्याचे काय होईल, हे त्यांनी स्वतःला विचारावे.

लहान गाड्यांवर मी थोडक्यात आटोपले आहे. अँबेसेडर आणि प्रीमियर पद्मिनीचा मागचा आख म्हणजे ट्रकच्याच आखाची छोटी आवृत्ती होती : पाट्यांवर बसलेले अखंड हौसिंग आणि मध्ये डिफ. बोलेरो, टाटा एस आणि ईको यांच्या मागे आजही अखंड फिरता आखच आहे, कारण मागे माणसे आणि पोती लादायची तर जोर मागेच हवा. लादलेल्या वजनाने टायर रस्त्याला घट्ट चिकटतात. 1983 च्या अखेरीस मारुती 800 आली आणि इंजिन, गिअर, डिफ सगळे पुढे गेले. तेव्हापासून आपल्या बहुतेक कारच्या मागे जे आहे, त्याला चाके फिरवण्याचे कामच नाही. आडवी पन्हाळीसारखी पोलादी पट्टी दोन्ही चाकांना जोडते आणि एक चाक खड्ड्यात गेले की स्वतः पिळली जाऊन त्याला वेगळे हलू देते. इनोव्हा 2005 मध्ये आली ती मागून ढकलणारी. 2022 च्या अखेरची हायक्रॉस पुढून ओढते आणि तिच्या मागे अशीच पिळणारी पट्टी आहे. नाव तेच, बांधणी दुसऱ्या घराण्याची. ‘पूर्वीची इनोव्हा राहिली नाही’ असे म्हणणाऱ्यांचे म्हणणे तांत्रिकदृष्ट्या खरे आहे, तक्रार म्हणून ते खरे आहे की नाही, हे ज्याने त्याने ठरवावे.

रिक्षा मात्र मला मनापासून आवडते. मागे इंजिन असलेल्या रिक्षात डिफ गिअरबॉक्सच्याच पोटात असतो, तो गाडीच्या अंगाला बांधलेला. तिथून दोन आखूड शाफ्ट दोन चाकांकडे जातात आणि प्रत्येक चाक आपापल्या दांड्यावर वेगळे वरखाली होते. भार दांडे आणि स्प्रिंग पेलतात, शाफ्ट फक्त फिरवतात. महागड्या मोटारींचा अभिमान असलेली ‘स्वतंत्र’ रचना आपल्या टमटमला कधीपासून आहे. ई-रिक्षाने पुन्हा जुना मार्ग धरला : अखंड आख, मध्ये डिफ, आणि त्याच्याच पाठीला बोल्टाने जोडलेली मोटर. प्रोपेलर शाफ्टच गळाला. मोटारसायकलला मागे एकच चाक, त्यामुळे डिफचा प्रश्नच येत नाही. तिचा आख म्हणजे बैलगाडीच्या आखासारखा न फिरणारा एक लांब बोल्ट.

उरलेली पाने दुरुस्तीची आहेत. आवाज ऐकून दोष ओळखण्याचा भाग मी सर्वांत जास्त वेळ घेऊन लिहिला. रेस दिल्यावर येणारा एकसुरी हुंकार आणि रेस सोडल्यावर येणारा हुंकार यांची कारणे वेगळी असतात. गाडी सुटताना ‘टक्’ आवाज आला की दात्यांतली किंवा जॉइंटमधली मोकळीक पाहायची. फक्त वळणावर कुरकुर असेल तर चकऱ्यांकडे जायचे, कारण सरळ रस्त्यावर त्या स्वतःभोवती फिरतच नाहीत, हे मघा आलेच आहे. नवी जोडी बसवताना दात्यांना तेलात कालवलेला शेंदूर लावून क्राऊन फिरवायचा आणि ठसा कुठे उमटतो ते पाहायचे. ठसा टोकाला उमटला तर शिम बदलायची. हे न करता जोडी आवळून देणारा मिस्त्री स्वस्त वाटतो, पण चार महिन्यांनी तो आपल्याला पुन्हा भेटतो.

आणखी एक बारकी गोष्ट, तिच्यासाठी अर्धे पान खर्च केले आहे. हौसिंगच्या माथ्यावर बोटभर उंचीची श्वासनळी असते. चालून चालून आतले तेल आणि हवा तापते, फुगलेली हवा तिथून बाहेर जाते. चिखलाने ती बुजली की हवा तेलाला सीलमधून बाहेर ढकलते आणि ते तेल ब्रेकच्या ड्रममध्ये उतरते. सील बदलून बदलून लोक कंटाळतात. उलट, तापलेला आख ओढ्याच्या पाण्यात बुडाला की आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी आत ओढले जाते. तेल दुधासारखे दिसले की तेच झाले आहे.

ऑटोमॅटिक लॉकिंग डिफचे नाना प्रकार आणि स्पर्धेच्या गाड्या मी सोडून दिल्या आहेत. आपल्याकडे त्या दुरुस्तीला येत नाहीत. गणित जेवढे लागते तेवढेच ठेवले आहे, आणि ते सातवी-आठवीच्या पुढचे नाही. शब्द गॅरेजमध्ये चालतात तेच ठेवले, कारण ‘विभेदक’ लिहून कोणाचा डिफ नीट होत नाही.

एक विनंती, आणि ती ट्रॅक्टर चालवणाऱ्यांना आहे. शेतात वळण्यासाठी डावे-उजवे ब्रेक वेगळे ठेवावे लागतात. पण डांबरी रस्त्यावर, मागे भरलेली ट्रॉली असताना घाईत एकच पेडल दाबले गेले तर एकच चाक अडते आणि ट्रॅक्टर क्षणात आडवा होतो. दोन्ही पेडल जोडण्यासाठी कंपनीने कडी दिलेली असते. पुस्तक पुढे वाचा न वाचा, बांध ओलांडून रस्त्यावर येताना ती कडी लावा.